इन्व्हर्टर एसी घ्या, हिशेब नको

घोडबंदर रोडवरच्या शोरूममध्ये शिरलात की एक पथ्य पाळा: आपण एसी रोज किती तास लावतो, हे कुणाला सांगू नका. स्वतःलाही नाही. त्या एका आकड्याने भल्याभल्या खरेद्यांचा बेरंग केलेला आहे.

विक्रेता हातवारे करत समजावेल की साधा एसी म्हणजे चालू-बंद, चालू-बंद. इन्व्हर्टर मात्र खोली गार झाली की कॉम्प्रेसरचा वेग उतरवून संथ चालत राहतो. हे खरंच आहे. मान डोलवा. फक्त 'खोली गार झाली की' इथे अडखळू नका. तुमची बेडरूम पश्चिमेची, भिंत दिवसभर तापलेली. तुम्ही एसी साडेदहाला लावणार आणि साडेबाराला बाबा "अरे, गारठलो" म्हणत बंद करणार. तोवर कॉम्प्रेसर बराचसा वेळ जीव तोडून पळतोय. त्याची बचतीची वेळ येते तेव्हा आपण पंख्यावर आलेलो असतो.

लेबलवरचे पाच स्टार मोजा आणि पुढे चला. खालचा वर्षाच्या युनिटचा आकडा १६०० तास धरून काढलेला असतो. तुमचे रोजचे दोन तास, चार महिने, म्हणजे २४०. पण लेबल वाचत बसणारी माणसं शोरूमला आवडत नाहीत.

मेव्हण्याला सोबत नेऊ नका. तो खडूस माणूस पावतीच्या मागेच मांडेल: दीड टनाचा साधा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो असं धरू, इन्व्हर्टरने त्यातलं अर्धं युनिट वाचवलं, युनिटला १२ रुपये. २४० तासांचे वाचले १,४४० रुपये. इन्व्हर्टरसाठी जास्तीचे मोजलेले दहा हजार वसूल व्हायला सात वर्षं! तोच एसी रात्रभर आठ तास चालवला तर दोन वर्षांच्या आत. अशा वेळी त्याला महावितरणचे टप्पे ऐकवा. ३०० युनिटच्या पुढे दर चढतो, ५०० च्या पुढे आणखी. म्हणजे वाचणारं युनिट नेमकं महागातलं असतं. (मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच तो दोन तासवाल्यांनी हिरिरीने मांडावा.)

पीसीबीची, म्हणजे इन्व्हर्टर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाची, किंमत विचारणं असभ्यपणाचं. आमच्या आउटडोअरमधल्या पीसीबीवर एका पालीने देह ठेवला, तेव्हा मेकॅनिकने सांगितलेला आकडा ऐकून मला त्या पालीचा हेवा वाटला.

टन मात्र सढळ हाताने घ्या. दहा बाय दहाच्या खोलीला दोन टन! इतका मोठा एसी कितीही संथ केला तरी त्या खोलीला जास्तच. मग इन्व्हर्टरही साध्यासारखाच चालू-बंद करू लागतो. हवा गार होते, पण दमटपणा ओढून घ्यायला त्याला सवड मिळत नाही. जूनमध्ये चादर ओलसर लागली तर ठाण्याच्या खाडीला बोल लावा. रिमोटवर थेंबाचं चित्र असलेलं ड्राय मोडचं बटण आहे म्हणे, पण रिमोटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

पाहुणे आले की मात्र एसी आवर्जून लावा. "बघा, आवाज येतो का?" असं विचारा. जरा ओरडूनच विचारा, कारण कोंदट वाटतं म्हणून आईने खिडकी उघडी ठेवलेली असते आणि खालून घोडबंदरचे ट्रक जात असतात.