जोत गावाला, मालक दादरला

मे महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली की दादर, लालबाग, भांडुप, नालासोपारा या पट्ट्यात एक वेगळाच शेतकरी दिसायला लागतो. एका हातात लोकलची कडी, दुसऱ्या हातात फोन, आणि एवढ्या सामग्रीवर तो सिंधुदुर्गातली तीस गुंठे जमीन नांगरत असतो. शेजारच्या प्रवाशांना "फाळ मोडला?", "चिखल किती?", "कोण आडवा पडला? बैल की बाबल्या?" असे सुटे तुकडे ऐकू येतात आणि ते जरा अंग चोरून उभे राहतात. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये अशी जागा मिळवायला दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. मी याच जमातीतला, त्यामुळे पुढचं सगळं घरचा आहेर समजावा.

तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर. ऐकायला फार वाटत नाही. पण कोकणात पाऊण एकर सलग कधीच नसतो. सातबाऱ्यावर एकच गट दिसतो. जागेवर जाऊन बघाल तर उतारावर एकाखाली एक बसलेले लहान-मोठे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, कुणी लांबट, कुणी त्रिकोणी, एखादा तर असा की नांगर वळवेपर्यंत संपतो. सातबाऱ्यावर नावंही भरपूर. निम्मे वारलेले, निम्मे मुंबईत. जोत, म्हणजे बैल जुंपलेला नांगर, धरायच्या वेळी दोघांची उपस्थिती सारखीच.

खरा छळ सुरू होतो तो कॅलेंडरपासून. भाताचा तरवा, म्हणजे वाफ्यात वाढवलेली रोपं, लावणीला घ्यायचा तो साधारण २१ ते २५ दिवसांचा. महिना उलटून पुढे गेला की रोपं हिरवीगार दिसतात, पण लावल्यावर फुटवे कमी धरतात आणि मग उत्पन्न घसरतं. म्हणजे पेरणीची तारीख ठरली की नांगरणी-चिखलणीची ठरते, आणि पेरणी ठरते पावसावर. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं तेव्हा कोरड्यात धूळवाफेवर बी टाकायचं. मृगाचा पाऊस ७-८ जूनला यावा आणि तरवा जुलैच्या तोंडावर तयार व्हावा, असा हा हिशेब पिढ्यान् पिढ्या बसवलेला आहे. या हिशेबात रेल्वेचं आरक्षण नव्हतं. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. १ जुलैला चिखलात उभं राहायचं असेल तर तिकीट मे महिना सुरू होतानाच काढायला हवं. तेव्हा ढग सोडाच, आंबेसुद्धा पुरते उतरलेले नसतात. त्यात पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. तुम्ही पोचेपर्यंत चिखल आवळलेला असू शकतो.

२०२५ सालाने तर सगळ्यांचीच जिरवली. मुंबईत मोसमी पाऊस यायची नेहमीची तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मेलाच हजर. सिंधुदुर्गात त्याच्याही आधी. ज्यांचं धूळवाफेचं बी अजून पिशवीतच होतं, त्यांना रहू करावा लागला: बी चोवीस तास भिजवायचं, ओल्या गोणत्यात दाबून मोड आणायचे आणि चिखल केलेल्या वाफ्यावर फेकायचं. हे सगळं फोनवर समजावून घेणाऱ्या चाकरमान्याला एवढंच कळलं की त्याची २९ जूनची कन्फर्म तिकिटं आता लावणी उरकल्यावर पोचवणार आहेत.

बियाण्याबद्दल एक गोष्ट मात्र मुंबईतूनही नीट सांगता येते, म्हणून ठासून सांगतो. पाऊण एकराला पंधरा किलो बी पुरतं आणि तरव्याला तीन गुंठे जागा. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा, बी त्यात ओता, ढवळा, वर तरंगलेलं पळंज, म्हणजे पोकळ बी, काढून टाका. तळाशी बसलेलं दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. धुवायला विसरलात तर मिठाने उगवण मारली जाते. फोनवर हे सांगितलं की गावचे काका "होय होय" म्हणतात आणि आपल्या पद्धतीने पेरतात. तो भाग वेगळा.

आता जोत. गावात बैलजोडी ज्याच्याकडे उरली आहे तो माणूस जूनमध्ये आमदारापेक्षा दुर्मिळ. त्याची आधी स्वतःची शेतं, मग सख्खी भावकी, मग चुलत, मग ज्याने गेल्या वर्षीचे पैसे दिवाळीआधी दिले तो, आणि सगळ्यात शेवटी मुंबईवाले. तक्रार करण्यात अर्थ नाही. बैलामागे चालणं म्हणजे काय हे एकदा आकड्यात मांडून बघा. लाकडी नांगराचं तास, म्हणजे एका फेरीत पडणारी चर, सहा इंचांचं धरलं, तर एक एकर एकदा नांगरायला साधारण सत्तावीस किलोमीटर चाल होते, म्हणजे चर्चगेटहून निघून गोरेगावच्या आसपास पोचल्यासारखं, तेही चिखलातून, वाकून, रुमणं (नांगराची मूठ) दाबत. शिवाय हे एकदाच करून भागत नाही. लाकडी नांगर माती पलटत नाही, नुसती फाडतो, आणि दोन तासांच्या मध्ये न फुटलेली पट्टी राहते. म्हणून आधी उखळणी, म्हणजे पहिली नांगरट, मग बेर, म्हणजे आडवी दुसरी, मग पाणी बांधून चिखलणी. गोरेगावला पोचल्यावर परत चर्चगेट.

जोत वेळेवर आलं तरी कामं असतातच. फाळ झिजलेला असेल तर नांगर जमिनीत शिरत नाही, नुसता वरून घसरत जातो आणि जोतकरी बैलांना शिव्या घालतो. फाळाची वसू, म्हणजे त्याला धरून ठेवणारी कडी, सैल असेल तर दगडाला अडकून फाळच मागे राहतो आणि लाकूड पुढे जातं. हे तीन-चार तासं झाल्यावर लक्षात येतं, मग सगळे चिखलात हात घालून फाळ शोधतात. खोली कमी-जास्त करायची तर हाळीस, म्हणजे नांगराचा लांब दांडा, बसते तिथली पाचर ठोकून कोन बदलावा लागतो. आणि जोडीतला डावा बैल डावीकडेच जुंपायचा. उजवीकडे जुंपला तर तो दिवसभर स्वतःच्या जुन्या जागेकडे सरकत राहतो आणि तास नदीसारखं वळत जातं.

यावर उपाय म्हणून गावात टिलर, म्हणजे मागे चालत हाकायचं नांगरणीचं यंत्र, आला. आमच्या काकांचं टिलरबद्दलचं मत असं की लोखंडाने जमीन नासते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर काढला तेव्हाही शेतकरी हेच म्हणत होते की लोखंडाने जमिनीला विष चढेल. त्यामुळे काका एका मोठ्या परंपरेत बसतात, आणि टिलर रुतला की त्यांचा चेहरा जो उजळतो तो बघायला तरी गावी जावं.

टिलर भावकीत सामाईक घेतला असेल तर तो दहा महिने गोठ्यात कोंबड्यांखाली असतो. जूनमध्ये ताडपत्री काढून कुणीतरी हँडल मारायला लागतो. इंजिन नुसतं खोकतं. कारण टाकीत तळाला पाणी साचलेलं आहे आणि डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे. टाकी तळापर्यंत रिकामी करून ताजं डिझेल भरायचं, पंपाजवळचा हवा काढायचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबून निर्भेळ डिझेल येईपर्यंत थांबायचं, मग आवळायचा. एअर फिल्टर उघडून बघायचा, कारण उंदरांना ती जागा फार आवडते. हे न करता चार तरुण आळीपाळीने हँडल मारतात आणि इंजिनने उलटा झटका दिला की एकाचं मनगट पंधरा दिवस गळ्यात येतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, एवढं एक वाक्य त्या टिलरवर रंगवून ठेवलं तरी पुष्कळ हाडं वाचतील.

चालू झालाच, तर पाती बघा. रोटरीच्या दांड्यावर निम्मी पाती डावीकडे वाकलेली लागतात, निम्मी उजवीकडे, आणि धार जमिनीला आधी लागली पाहिजे. घाईत कुणीतरी उलटी बसवतो. मग टिलर माती कापायच्या ऐवजी ती थोपटत जातो आणि वरून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर सपाट चाललंय! चिखलणीसाठी रबरी टायर काढून लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावायची. ती कुणाच्या माळ्यावर आहेत यावर एक संपूर्ण सकाळ जाते.

टिलरची सगळ्यात मोठी गंमत उतारावर आहे आणि ती मुंबईच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. मुठीखाली दोन बाजूंचे दोन क्लच असतात. सपाटीवर डावा दाबला की डावं चाक मोकळं सुटतं, उजवं ढकलत राहतं, टिलर डावीकडे वळतो. उतारावर खाली जाताना तोच डावा दाबला की डावं चाक मोकळं होऊन सुसाट पळतं, उजव्याला इंजिन धरून ठेवतं, आणि टिलर वळतो उजवीकडे. म्हणजे मालकाने वळवायचा ठरवला त्याच्या बरोबर विरुद्ध, आणि बहुधा तिथेच खालच्या कुणग्याची मेर, म्हणजे बांध, असते. उतारावर क्लचला हात न लावता अंगाच्या जोराने मुठी वळवायच्या. नव्या माणसाला हे सांगून ठेवलेलं असतं. पण त्या क्षणी त्याचा हात ऐकत नाही.

आणि साड्या. रानडुकरं शेतात शिरू नयेत म्हणून बांधाभोवती जुन्या साड्या बांधायची पद्धत आहे. या साड्या मुंबईहूनच जातात, पिशव्या भरभरून. कुठल्या लग्नात कुणी कुणाला दिलेली ते वहिनींना दुरून ओळखता येतं. वाऱ्याने सुटून ती नायलॉनची साडी चिखलात गाडली जाते आणि पुढच्या जूनमध्ये टिलरच्या दांड्याला गुंडाळते. इंजिन बंद करून कोयत्याने कापत बसावं लागतं. नुसतं वरवर कापून भागत नाही. एक धागा जरी ऑइल सीलमध्ये शिरला तर सील फाटतं, चिखल गिअरबॉक्समध्ये जातो आणि टिलर थेट गॅरेजमध्ये. मानपानात मिळालेल्या साडीने गिअरबॉक्स खाल्ला, हे दुरुस्तीच्या बिलात लिहीत नाहीत, पण घरात बोललं जातं.

एवढं करून चिखल तयार झाला तरी तो टिकायला पाणी टिकावं लागतं. मेरेत कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) बिळं केलेली असतात. रात्री भरलेला कुणगा सकाळी रिकामा, आणि खालचा, भावकीतला, तुडुंब. यावरून जेवढे वाद झाले तेवढे सीमेवरून झाले नसतील. बिळात नुसता चिखल कोंबला तर तासाभरात वाहून जातो. आधी गवताचा बोळा ठासायचा, मग चिखल, मग पायाने चेपायचं, आणि आतल्या बाजूने मेर फावड्याने तासून चिखलाने लिंपून घ्यायची. अशा वेळी मुंबईला फोन येतो.

"झालो चिखल. तू खंय आसस?"

"दादराक, काकानू. शनिवारी येतंय."

"शनवारपर्यंत तो काय तुझी वाट बघतलो?"

काकांचं बरोबर आहे. चिखल केल्यावर तो थोडा बसू द्यायचा आणि लगेच लावणी घ्यायची. दोन-तीन दिवस गेले आणि मध्ये ऊन पडलं की वरची साय आवळते आणि लावणाऱ्या बायकांची बोटं सोलून निघतात. लावणी करणाऱ्या बायका आधीच चार घरांत वाटलेल्या. त्या तुमच्या रजेसाठी थांबत नाहीत, थांबूही नये.

शनिवारी पोचलेल्या मुंबईकराला करायला एक काम मात्र राखून ठेवलेलं असतं. चिखल समपातळीत आणायला गुटा फिरवतात, म्हणजे जोतामागे बांधलेली जाड फळी. तिच्यावर वजन लागतं, नाहीतर उंचवटे तसेच राहतात. उंच भागावर पाणी राहत नाही आणि तण माजतं, खोलगट भागात रोप बुडून कुजतं. तेव्हा मुंबईहून आलेल्या माणसाला फळीवर उभं करतात. इतक्या वर्षांच्या वडापावांनी जमवलेलं शेतीला थेट उपयोगी असं आपल्याजवळ हेच एक भांडवल. गुडघे किंचित वाकवायचे, दोरी घट्ट धरायची आणि बैल वळताना उतरायचं. उतरला नाहीत तर बैल उतरवतात.

या सगळ्याला शहाणपणाचं उत्तर नाही असं नाही. कर्जत लोकलने नेरळला उतरा. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभं केलंय. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. तणाचा बंदोबस्त मात्र वेळेवर करावा लागतो, तिथे ढिलाई केली की सगळं फसतं. मला हे तंत्र पटतं. गावात फोन करून सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता आणि मग, "म्हणजे शेत नांगरुचाच नाय? लोक काय म्हणतले?" नांगरलेलं नसलेलं शेत म्हणजे घरात कुणी उरलं नाही, असं वाचायची गावाला सवय आहे. त्या सवयीपुढे साचा चालत नाही.

नांगरणी झाली, लावणी झाली, टिलर धुऊन ताडपत्रीखाली गेला, तरी सरकारच्या लेखी अजून काहीच झालेलं नसतं. २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे: शेतकऱ्याने स्वतः गटात उभं राहून ॲपमधून फोटो काढायचा, मग सातबाऱ्यावर भात लागतो. दादरच्या फलाटावरून काढलेला फोटो ॲप घेत नाही, मागे कितीही हिरवळ असो. त्यामुळे हे काम बहुतेक मुंबईकर गणपतीला गेल्यावर करतात. मुदत आधी तपासा, ॲप मुंबईतच उतरवून नोंदणी करून घ्या, कारण गावी ओटीपी येतो तो रेंजच्या दगडापाशी आणि गट असतो खाली व्हाळाजवळ, म्हणजे ओढ्यापाशी. ओटीपी घेऊन धावत सुटायचं, मेरेवरून घसरायचं नाही, आणि फोटोत भात आलं पाहिजे. काकांना मध्ये उभं करू नका. ते हटत नाहीत.