‘वादळ आलं की एनडीआरएफ येते’: मग ग्रामपंचायतीने एप्रिलमध्ये काय करायचं?

कोकणातल्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पावसाळ्याच्या तोंडावर एक समज फिरत असतो. त्याचं सार असं: चक्रीवादळं ही ओडिशा-आंध्रची डोकेदुखी, आपल्याला सह्याद्री राखतो. ‘निसर्ग’ चक्रीवादळ हा अपवाद होता. खबर लागते तेव्हा हातात जेमतेम दोन दिवस असतात, तेवढ्यात ग्रामपंचायत काय करणार? तिच्याकडे पैसा नाही, अधिकार नाही. आलंच वादळ तर लोकांना शाळेत न्यायचं, पुढचं एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) बघेल. सरपंच आणि सदस्यही हे मानून चालतात, म्हणून याला उत्तर द्यायला हवं.

सह्याद्रीचं आधी संपवू. वादळ समुद्राकडून येतं आणि सह्याद्री गावाच्या पाठीशी आहे. समोरून येणारा वारा तो अडवणार कसा? उलट बाष्पाने भरलेले ढग त्याला अडून तिथेच रिते होतात, नद्या फुगतात आणि खाडीला भरती असली की ते पाणी गावात शिरतं. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्रात वादळं कमी होतात, हे खरं. पण नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आलं. ‘तौक्ते’ किनाऱ्याला लागलं गुजरातेत, पण जाताजाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली घरं आणि बागा झोडपून गेलं. याला अपवाद म्हणता येत नाही.

दोन दिवसांचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि तोच तयारीच्या बाजूने जातो. ‘निसर्ग’चा कमी दाबाचा तीव्र पट्टा तयार झाला १ जूनला, त्याचं चक्रीवादळ झालं २ जूनच्या दुपारी आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर होतं. एवढ्या वेळात माणसं हलवता येतात, होड्या दुहेरी दोरांनी बांधता येतात, टाकी काठोकाठ भरता येते. वायरवर झुकलेल्या फांद्या तोडून होत नाहीत, जनरेटर जोडून होत नाही, निवाऱ्याचं छप्पर तपासून होत नाही. ही कामं एप्रिलची. आणि एकदा करून भागत नाही, कारण अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन: पावसाळ्याआधी एप्रिल ते जून, नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. सप्टेंबरअखेर दुसरी फेरी हवीच. ‘वादळाच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्याच असतात’ असंही म्हणतात. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै; ‘तौक्ते’ आणि ‘फयान’ दोन्ही त्या मुदतीच्या बाहेर आले. कोणती होडी समुद्रात आहे, तिच्यावर किती खलाशी आहेत, याची वही मच्छीमार सोसायटी आणि ग्रामपंचायत या दोघांकडे रोजची असायला हवी.

आता एनडीआरएफ. त्यांच्या एका तुकडीत साधारण ४०-४५ जण. महाराष्ट्रातला त्यांचा तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. रायगडात १५ तालुके आणि शेकडो ग्रामपंचायती आहेत. घाटातून खाली उतरणाऱ्या रस्त्यांवर झाडं आडवी पडलेली. एनडीआरएफचे जवान अडकलेल्यांना सोडवतात, मुख्य रस्ते मोकळे करतात, आणि ते काम जिवावर उदार होऊन करतात. तुमच्या वाडीची नळपाणी योजना चालवणं हे त्यांचं काम नाही. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाणी बंद. खरी परीक्षा इथे असते, म्हणून थोडं तपशिलात.

विहिरीवरचा पंप साडेसात एचपीचा, म्हणजे साडेपाच किलोवॉटच्या वर. ते बघून साडेसात केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं एकक) जनरेटर आणला जातो आणि बटण दाबताच तो बंद पडतो. डायरेक्ट स्टार्टरवर पंप सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून जनरेटर २० केव्हीएच्या आसपासचा लागतो. स्टार-डेल्टा स्टार्टर (सुरुवातीचा करंट कमी ठेवणारा) असेल तर थोडा लहान चालतो. दुसरी गडबड फेजची, म्हणजे तीन वायरींच्या क्रमाची. जोडणी उलटी झाली तर पंप उलटा फिरतो, आवाज येतो पण पाणी नावापुरतं चढतं. तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की सुरळीत. तिसरी गोष्ट जिवाची: चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) नसताना जनरेटर थेट जोडला तर वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी लाईनवर चढते आणि खांबावर काम करणारा वायरमन मरू शकतो. हा स्विच एप्रिलमध्येच, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. तासाला तीनेक लिटर डिझेल धरा. रोज चार तास, दहा दिवस म्हणजे १२० लिटर. तेही आधी भरून ठेवायचं, कारण वीज नसली की पेट्रोलपंपही बंद असतात. जनरेटर विकत घेणं परवडत नसेल तर भाड्याने ठरवावा, मात्र लेखी. तोंडी शब्दावर राहिलं तर भाड्याने देणाऱ्या मंडपवाल्याने तोच जनरेटर आणखी चार गावांना कबूल केलेला असतो.

विहिरीत पालापाचोळा आणि घाण पडलेली असते, ती काढल्याशिवाय टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून उपयोग नाही. मात्रा हजार लिटरला ५ ग्रॅम. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण १ लाख १३ हजार लिटर भरतं, म्हणजे पावणेसहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर पावडर. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच विहिरीत सोडायची. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर मात्रा वाढवायची. बहुतेक वेळा दोष पोत्याचा असतो: तोंड उघडं राहिलेल्या, दमट खोलीत पडलेल्या पावडरीतला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो.

झाडांसाठी दोन चेनसॉ आणि किमान चार जादा साखळ्या हव्यात. माडाच्या धाग्यांनी आणि सालीतल्या वाळूने धार पटकन जाते, मग नवखा माणूस जोर लावतो आणि मशीन उसळतं. वायर अडकलेल्या झाडाला, लाईन बंद असल्याची महावितरणकडून खात्री होईपर्यंत, हात लावायचा नाही.

‘शाळा आहेच की’ म्हणणाऱ्यांनी शाळेचं छप्पर एकदा वर बघावं. पत्रा किंवा कौलं असतील तर ती निवारा नव्हे. वारा आधी कडेचा पत्रा उचलतो, मग सगळं छप्पर. स्लॅबची इमारत शोधा, तिची किल्ली दोघांकडे ठेवा. अंथरुणाला खिळलेले, दिवस भरत आलेल्या बायका, डायलिसिसवाले यांची यादी आशाताईंकडून करून घ्या, कागदावर. टॉवर पडला की मोबाइलमधली यादी इतरांपर्यंत पोहोचणार कशी?

पैसा आणि अधिकार नाहीत, हेही तपासून बघावं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ४१ स्थानिक प्राधिकरणावर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि साधनसामग्री सज्ज ठेवण्याची जबाबदारी टाकतं. पंचायत त्यात येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीत ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के अबंधित. अडतं ते निधीपेक्षा आराखड्यावर: ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात काम लिहिलेलंच नसतं, मग मे महिन्यात खर्च टाकायला जागा राहत नाही.

आणि ज्या कामाला खर्च जवळजवळ नाही तेच सर्वांत जास्त राहून जातं: कागद. नुकसानीची मदत पंचनाम्यावर, पंचनामा नोंदीवर. घर नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत) आजोबांच्या नावावर, सातबारावर दहा हिस्सेदार, त्यातले सहा मुंबईला. मग संमतीपत्रं गोळा करण्यात महिने जातात. शिमग्याला किंवा मे महिन्यात चाकरमानी गावात असतात तेव्हाच ती घेऊन ठेवावीत. त्याच वेळी प्रत्येक घराचा, घर क्रमांक दिसेल असा फोटो घ्यावा, वाडीतल्या माड-पोफळींची मोजणी मालकाच्या सहीने लिहावी, आणि या सगळ्याची एक प्रत पंचायत समितीत देऊन पोच घ्यावी. ग्रामपंचायतीचंच छप्पर उडालं तर दप्तर भिजतं.