‘देवाची लेकरं’ चाळिशीची होतात तेव्हा

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला, प्रत्येक वेळी हात जोडलेल्या इमोजींसकट. सार असं: मतिमंद मुलं म्हणजे देवाची लेकरं, वय चाळीस झालं तरी मन पाच वर्षांचं. त्यांच्यातल्या पुरुषांचा गट काढणं म्हणजे नको ते डोक्यात भरवणं. ती आईजवळच सुरक्षित. आणि दिवसभर हाताला काम द्यायला कार्यशाळा आहेच की.

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे आणि बौद्धिक अक्षम आहे. पुण्यात कोथरूड-कर्वेनगरातल्या आम्ही काही घरांनी नेमका असाच, अशा पुरुषांनी आपसांत मोकळं बोलायचा गट सुरू केलाय, तेव्हा हा टोला आम्हालाच आहे.

‘मन पाच वर्षांचं.’ हा आकडा बुद्धिमापन चाचणीतून आला. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखायला पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी चाचण्या बनवल्या आणि १९०८ साली त्यांना वयाची पट्टी लावली. कोणती कोडी सुटली एवढंच ती पट्टी सांगते. भावाला पाचशेची मोड हिशेबाने घेता येत नाही, खरं आहे. पण स्वारगेटची बस कुठली, हे तो मला सांगतो. वडील गेले तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीत त्याने खांदा दिला आणि घरी येऊन आईला पाणी दिलं. पाच वर्षांच्या पोराला कोणी खांदा द्यायला उभं करतं का?

गंमत म्हणजे हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या कित्येक पालकांच्या कपाटात कायदेशीर पालकत्वाचा कागद आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करून तो मिळवावा लागतो. का? तर १८ पूर्ण झाल्यावर मुलगा सज्ञान होतो आणि आईबापांचं पालकत्व आपोआप चालू राहत नाही, म्हणून. अर्ज करताना सज्ञान, फॉरवर्ड करताना लेकरू.

‘नको ते डोक्यात भरवाल.’ इथे जरा थांबतो, कारण खरी भीती हीच आहे आणि ती पालकांनी उगाच धरलेली नाही. पण शरीर कोणाची परवानगी मागत नाही. भाऊ चौदाचा असताना एका सकाळी त्याची चादर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सापडली. आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय असं वाटून त्याने ती लपवली होती. आईने मुकाट्याने धुतली. मी सतरा वर्षांचा होतो, सगळं कळत होतं, तरी एक शब्द बोललो नाही. शाळेत त्याला शिकवणाऱ्या सगळ्या बाई, कार्यशाळेत सगळ्या ताई, घरी आई. विचारणार कोणाला? त्याची दाढीसुद्धा पस्तिशीपर्यंत मीच करत होतो. शिकवायला हवी, हे सुचलंच नाही.

आमच्या गटात पहिल्या दिवशी दाढी झाली. आरसा, फेस, एकमेकांची हसाहस. मग हळूहळू पुढचं, चित्रांच्या कार्डांवरून: कोणती गोष्ट दार लावून करायची, दुसऱ्याच्या अंगाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि आपल्याला कोणी लावला तर ‘नको’ म्हणायचं, विश्वासातल्या माणसाला सांगायचं. अवयवाचं नावच माहीत नसेल तर माणूस तक्रार कोणत्या शब्दांत करणार? त्याला अजाण ठेवलं की फावतं ते त्रास देणाऱ्याचं.

या विषयावर न बोलण्याची किंमत पुणे जिल्ह्याने पाहिली आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. देशभर गदारोळ झाला. (बायकांचाही असा गट हवाच. आमच्यातल्या एक काकू तो जमवताहेत.)

‘आईजवळ सुरक्षित.’ आई ७४ वर्षांची आहे. पुढचं मी लिहीत नाही.

‘कार्यशाळा आहेच.’ आहे, आणि चांगली आहे. तिथे पणत्या रंगतात, उटण्याची पाकिटं भरतात. पण तिथे बोलणं कामाचं, आणि विषय ताई ठरवतात. आमच्याकडे विषय ते ठरवतात. आजवर आलेले काही: फोनचं लॉक, लग्नात सगळे गालगुच्चे का घेतात, भावाचं लग्न झालं, माझं का नाही. या शेवटच्यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांच्यातलाच एक म्हणाला, ‘माझं पण नाही झालं,’ आणि दोघं शेजारी बसून राहिले.

एक मात्र मान्य करायला हवं: गट काढला की आपोआप सगळं चांगलं होत नाही. एक जण दुसऱ्याकडून रोज वीस रुपये काढत होता, ते आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. आता मदतीला नेहमी दोघे असतात, कोणीही एकटा सभासदाबरोबर बंद खोलीत बसत नाही, आणि नवा मदतनीस चौकशी केल्याशिवाय घेत नाही. सभासद आठच. जास्त झाले की बोलके बोलतात आणि बाकीचे भिंतीकडे बघतात.

नाव आम्ही ‘उमंग’ सुचवलं होतं. हात वर करून मतदान झालं, उमंग पडलं, ‘कट्टा’ निवडून आला. पहिला नियम भावाने सांगितला: आयांनी खिडकीतून बघायचं नाही. पुढच्या शनिवारचा विषय दाढी वाढवायची की नाही, हा आहे. तसं ग्रुपवर कळवलं, तर दोन मिनिटांत एका आईचा मेसेज आला, ‘त्याला शोभत नाही हो.’