सोडून दिलाय म्हणून कुत्र्यातच खोट? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रात्रीच वाचली होती, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर फार वाईट लिहिलं गेलं असतं म्हणून थांबले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, बंड्याला दत्तक घेतल्याबद्दल मी लिहिलं त्यावर यांचं म्हणणं असं की 'भावनेच्या भरात लोकांना भरीस घालू नका, असले मस्तीखोर कुत्रे आधीच्या घरातून सोडलेले असतात म्हणजे त्यांच्यातच काहीतरी खोट असते', शिवाय मी खर्च, लसी, घरी कुणी नसताना काय करायचं यावर धड लिहिलं नाही, आणि हे सगळं लाइक्ससाठी चाललंय.

भावनेच्या भरात? अहो, मी जन्मायच्या आधीपासून आमच्या घरात कुत्री आहेत. शेल्टरमध्ये सुट्टीच्या दिवशी जाऊन पिंजरे धुतलेत, आईविना आलेल्या पिल्लांना रात्री उठून बाटलीने पाजलंय, पार्वो (पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार) झालेली पिल्लं डोळ्यांदेखत गेलेली बघितलीयत. तुम्ही स्वतः किती कुत्री सांभाळलीत ते मात्र तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा ना, समोरच्याला अक्कल नाही असं धरून का बोलायचं?

एक मान्य करते, लसींचा विषय लेखात अगदी शेवटी एका ओळीत आला, तो वर यायला हवा होता.

आता ते खोटीचं वाक्य. साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत कुत्रं वयात येत असतं, अंग मोठ्याचं आणि डोकं पिल्लाचं. त्याच्या थोडं आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून, २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के यायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, मग चपला, खुर्चीचे पाय, तुमचं मनगट, जे दिसेल ते तोंडात जातं. लोक गोंडस पिल्लू बघून घरी आणतात, ते वाढतं, अंगावर उड्या मारतं, पट्टा ओढतं, शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागतं आणि नेमकं याच वयात त्याला शेल्टरला आणून सोडतात. यात कुत्र्याची खोट काय?

बंड्याच्या कागदावर आधीच्या लोकांनी 'अंगावर येतो' असं लिहून दिलं होतं. मी बघितलं तर पुढचे पाय जमिनीला टेकवलेले, मागची बाजू वर, तोंड उघडं, सगळं अंग वळवळतंय. हे खेळायचं आमंत्रण आहे हो! हल्ला करायच्या बेतात असलेलं कुत्रं ताठ होतं, नजर रोखतं, तोंड मिटतं. खेळताना त्याचा दात लागला की मी हात झटकत नाही, झटकला की त्याला अजून चेव येतो, मी खेळ थांबवते, पाठ फिरवते आणि जरा वेळाने परत दोरी पुढे करते. अजून एक, लहान पिल्लाला दिवसाला १६ ते १८ तास झोप लागते, ती झाली नाही की संध्याकाळी घरभर सुसाट पळत सुटतं आणि जो दिसेल त्याला चावतं, आणि लोक म्हणतात याला अजून पळवा, तर खरं म्हणजे त्याला झोपवायचं असतं.

हो, काही कुत्री खरंच बिथरलेली असतात, तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत माणसांची सवय लागली नाही तर पुढे फार जड जातं. पण ती बहुतेकदा खेळायला येत नाहीत, कोपरा धरून बसतात. तुम्ही सगळ्यांना एकाच माळेत ओवलंत, माझा राग त्याचा आहे.

बाकी खर्च काय, विकत आणलेल्या कुत्र्यालाही लसी लागतातच. घरी कुणी नसतानाचं लेखात आहे, परत वाचा. लाइक्सच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही.

बंड्याबद्दल काहीही विचारा, वेळ काढून सांगेन. फक्त 'खोट' हा शब्द त्याच्यासाठी इथे परत वापरू नका.