पॅरिसचा ऍप्रन आणि घंटागाडीचा रॅम्प

ताई, तुमचं कपाट जुनं झालंय. परवा घेतलेला कुर्तासुद्धा. न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस इथले फॅशनवाले फेब्रुवारी-मार्चमध्ये येत्या हिवाळ्याचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे कपडे दाखवून मोकळे होतात. तेव्हा घामाच्या धारा लागल्या की लोकर मागायची आणि निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्या की बिनबाह्यांचं. नाशिकच्या मेनरोडचा दुकानदार विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

आता मुख्य ट्रेंड. ऑक्टोबर २०२५मध्ये इटालियन डिझायनर मिउच्चा प्राडा यांनी त्यांच्या ‘मिउ मिउ’ या ब्रँडच्या पॅरिसमधल्या शोमध्ये ऍप्रनच ऍप्रन उतरवले. फुलाफुलांचे, सुती, चामड्याचेसुद्धा. बायकांच्या कोणाला न दिसणाऱ्या कामाचा हा सन्मान, असा त्यामागचा विचार. जाणकार गहिवरले. तुम्हीही गहिवरा, पण खरेदीला पळू नका. तुमच्याकडे गाऊन आहे. तोच, ज्यावर ओढणी टाकून तुम्ही दूध आणता, कोथिंबिरीची घासाघीस करता आणि लिफ्टमध्ये कोणी भेटलं की अंग चोरून उभ्या राहता. आता चोरायचं नाही. मान ताठ, नजर शून्यात, चेहरा नुकतंच वीजबिल वाचल्यासारखा, आणि एका रेषेत पावलं टाकत थेट घंटागाडीपर्यंत. खांद्यावरचा हळदीचा डाग धुऊ नका, तो हँडमेड आहे. कोणी विचारलंच तर ‘वर्कवेअर’ म्हणा. किंमत मात्र चुकूनही सांगू नका. तीनशेला आणला म्हटलं की त्याचा पुन्हा गाऊन होतो.

आणि हो, कचऱ्याची पिशवी टाकण्याआधी नीट बघून घ्या. बॅलेन्सियागा या बड्या फॅशन ब्रँडने २०२२मध्ये हुबेहूब तशीच पिशवी चामड्यात काढली होती, १,७९० डॉलरची. अदलाबदल झाली तर घंटागाडीवाला परत आणून देईलच असं नाही.

(कोल्हापुरी चपलांचा विषय मी काढत नाही. प्राडाचा मिलानमधला तो शो पुरुषांच्या कपड्यांचा होता.)

डोकं-तोंड झाकणारा बालाक्लाव्हाही मध्यंतरी रॅम्पवर गाजला. गंगापूर रोडवरच्या स्कूटीवाल्या मुलींना हे ऐकवू नका, उगाच डोक्यात हवा जाईल. डोळे सोडून सगळं गुंडाळणारा स्कार्फ, हातमोजे, वर पांढरा सनकोट, हे सगळं त्या कोणत्याही डिझायनरला न विचारता घालत आल्यात. सिग्नलला सख्ख्या आईला ओळखू येत नाही, इतकी परिपूर्ण स्टाइल!

तुमच्या शिंप्याशीही भांडण मिटवा. एक बाही आखूड, शिवण उसवलेली, खांदा दंडावर उतरलेला म्हणून तुम्ही त्या बिचाऱ्याला दिवाळीच्या तोंडावर काय काय बोललात! जपानी डिझायनर रे कावाकुबो यांनी १९८२मध्ये भोकं असलेला स्वेटर आणला आणि आज त्यांचं नाव मोठ्या आदराने घेतात. तुमच्या माणसाने तर भोकाचे वेगळे पैसेही लावले नाहीत. पुढचं ब्लाउज टाकताना माप देऊच नका, फक्त ‘तुमची दृष्टी काय सांगते?’ असं विचारा. पैठणीवरचं मात्र दुसरीकडे शिवा. येवल्याच्या पदराशी असले प्रयोग परवडत नाहीत.

उरला आरपार दिसणाऱ्या कपड्यांचा ट्रेंड. अनेक हंगाम झाले, तो काही जायचं नाव घेत नाही. घाबरू नका. आतून स्लिप, वरून ओढणी आणि सगळ्यावर सनकोट. सासूबाईंना कळणार नाही. पॅरिसलाही.