‘जंगल आहे तसं राहू द्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही इतक्या तपशिलात लिहिलंय की ‘धन्यवाद, विचार करू’ म्हणून सुटका करून घेणं बरं दिसणार नाही. पाटण तालुक्यातल्या एका गावातून वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ सपाटीवर, जाणारी बुजलेली वाट आम्ही गावकऱ्यांबरोबर चालती केली, त्या लेखावर तुमचे आक्षेप असे: निसर्गानं मिटवलेली वाट उकरायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आता रविवारी टोळकी येतील, प्लास्टिक येईल, शिकारी येतील. आणि तुमच्या सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याचा दाखला: माणूस कुंपणाबाहेर ठेवला म्हणून तिथं जंगल उभं राहिलं.

अधिकाराचं आधी सांगून टाकतो. वाटेचा मधला टप्पा राखीव वनात येतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे तिथं विनापरवाना झाड तोडणं गुन्हा आहे. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून वनखात्याची लेखी परवानगी घेतली होती आणि कामाच्या वेळी वनरक्षक सोबत असायचे.

‘निसर्गानं मिटवलेली’ हे मात्र मला पटत नाही. वाट मोडली ती रस्त्यामुळे. पवनचक्क्यांसाठी सड्यावर गाड्या चढायला लागल्या, बाजाराचा माणूस लांबचा वळसा पत्करून जीपनं जायला लागला. पण हिरडा गोळा करणारे, गुराखी, जळणाला जाणाऱ्या बायका थोड्याच थांबल्या? ज्याला जिथून सोपं पडलं तिथून तो सरळ वर चढला. एका उतारावर पाच-सहा पायवाटा झाल्या, सगळ्या उभ्या. कोयनेच्या खोऱ्यात नवजाला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमचं गाव तेवढं भिजत नसलं तरी उभ्या पायवाटेची घळ व्हायला तिथला पाऊस पुरतो. जुनी वाट आडवी, वळणं घेत जाते. ती मोकळी असेल तर बाकीच्या आपोआप सुटतात. एवढ्यासाठीच हा खटाटोप.

काम बघितलं असतंत तर ‘उकरली’ हा शब्द तुम्ही वापरला नसता. कोयता त्यात कमी, पहार आणि कुदळच जास्त. पहिल्या दिवशी आम्ही उत्साहानं झुडपांना भिडलो, तेव्हा गावातल्या एक मावशी म्हणाल्या, “आवं, झाडं काय पळून जात्यात व्हय? पाणी कुठनं येतंय ते बघा की आधी!” वाटेच्या दरीकडच्या कडेला माती साचून वरंबा झाला होता, त्यामुळे पाणी बाहेर न पडता वाटेवरूनच धावत होतं. तो वरंबा जागोजागी फोडला. जिथं चढ जास्त तिथं वाटेत तिरके दगड गाडले, दोन हिस्से जमिनीत आणि एक वर, म्हणजे पाणी अडखळून बाजूला जातं. पालापाचोळा सरकवल्यावर खाली जुन्या पायऱ्या निघाल्या, खुरांनी मध्यभागी झिजलेल्या. एका वळणावर छातीइतका उंच दगडी ओटा सापडला. डोक्यावरचा भारा खाली न उतरवता टेकवून दम खायची सोय! हे बांधणाऱ्याला माणसाच्या मानेची काळजी होती, एवढं नक्की.

तोडलं काय, तर घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही अमेरिकेतून आलेल्या, त्यामुळे ‘निसर्ग’ म्हणून त्यांची बाजू घेऊ नका. रानमोडी थंडीत फुलते आणि तिचं म्हातारीसारखं बी वाऱ्यावर पसरतं, म्हणून पाऊस ओसरल्यावर, माती ओली असतानाच ती मुळासकट उपटली. वाट एका माणसापुरतीच ठेवली. वरचं छत उघडलं की खाली ऊन पोचतं आणि उन्हाबरोबर रानमोडी परत येते. कारवीच्या झुडपांना हात लावला नाही. उतारावरची माती त्यांनीच धरून ठेवलीय.

आता सागरेश्वर. तिथलं काम थोरच आहे, पण तो दाखला इथं लागू पडत नाही. कमी पावसाचे ते उघडेबोडके डोंगर, वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी झाडं लावून, जगवून ते हिरवे केले. म्हणजे तिथंही माणूस होताच, राबत होता. कुंपणाबद्दलच बोलायचं तर कासच्या पठाराकडे बघा. फुलं वाचवायला तिथं जाळी मारली, पण गुरं आत जायची थांबल्यावर गवत माजून फुलं मागे पडतात अशी तक्रार झाली आणि पुढे ती जाळी काढावी लागली.

गर्दीची तुमची भीती खोटी नाही. म्हणूनच लेखात गावाचं नाव नाही, नकाशा नाही, आणि ‘ट्रॅक पाठवा ना’ (म्हणजे फोनवर नोंदवलेला वाटेचा माग) म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणून कळवलंय, त्यात दोन जवळचे मित्रही आहेत. सध्या रागावलेत, रागावू देत.

शिकाऱ्यांचं मात्र नेमकं उलटं आहे. क्लचच्या तारेचे फासे आम्हाला मिळाले ते वाट बंद असतानाच, ऐन झाडोऱ्यात, जिथून कुणी जात नव्हतं अशा ठिकाणी. ते वनरक्षकांकडे दिले. आता तिथून रोज गुराखी जातो, त्याची नजर असते.

दसऱ्यानंतर वरच्या टप्प्याचे दगड बसवायचे आहेत. रागातच या, पण या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, जळवांसाठी तंबाखूची पूड असू द्या, डबा आपापला आणा. फोन मात्र गावातच ठेवावा लागेल.