चू. भू. द्या. घ्या.

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. वडिलांच्या काळापासून बिलबुकाच्या तळाला इंग्रजीत दोन ओळी छापलेल्या : 'सब्जेक्ट टू सांगली ज्युरिस्डिक्शन' आणि 'ई. अँड ओ. ई.' पहिलीवर बोट ठेवून वडील म्हणायचे, "भांडायचं तर सांगलीत येऊन भांडा, असं लिवलंय." दुसरीचा पत्ता कुणालाच नव्हता. दिवाणजींच्या मते ते छापखानेवाल्याचं नाव.

2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढं लेकीनं दुकान इंटरनेटवर चढवलं. एके सकाळी दुबईहून चौकशी आली. "पप्पा, उत्तर तुम्हीच लिहायचं," एवढं बोलून ती पुण्याला निघून गेली. झालं! वयाच्या 51व्या वर्षी मी विश्रामबागेत बिझनेस इंग्लिशच्या क्लासला जाऊन बसलो. सर माझ्या निम्म्या वयाचे. ते मला काका म्हणणार, मी त्यांना सर.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की, तीस वर्षं मी जे बोलत होतो ते इंग्रजी नव्हतंच. 'डिस्कस'ला 'अबाऊट' जोडायचं नाही. 'आय अ‍ॅम हॅविंग टू गोडाऊन्स' चूक, मालकीला 'आयएनजी' लागत नाही. (आमच्या भावकीत मालकी कायम चालू काळातच असते, पण ते कोर्टाला माहीत.) आणि 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ म्हणे पूर्वस्थितीला जाणं. म्हणजे 'आय विल रिव्हर्ट टुमॉरो' लिहून मी इंदूरपासून कोइमतूरपर्यंतच्या व्यापाऱ्यांना उद्या पहिल्यासारखा होतो असा शब्द देत आलो होतो.

'ए' आणि 'अ‍ॅन'नं जीव काढला. 'अवर'ला 'अ‍ॅन', 'युनिव्हर्सिटी'ला मात्र 'ए'. सर म्हणाले, "काका, अक्षर बघू नका, आवाज ऐका." हे मात्र एका दमात पटलं. हळकुंडाचंही तेच. वरचा रंग कुणीही चढवतो. मोडल्यावर खणकन वाजलं, तर माल नीट वाळलेला.

हळकुंडाला इंग्रजीत 'फिंगर' म्हणतात आणि गड्ड्याला 'बल्ब'. एवढ्या ज्ञानावर मी दुबईला नमुना धाडल्याचं पत्र लिहिलं : 'आय अ‍ॅम सेंडिंग माय फिंगर्स बाय कुरिअर. टू आर ब्रोकन. सॉरी.' सर वाचत वाचत फळ्याला टेकले.

मग साठवणुकीची माहिती लिहायला घेतली. हरिपूरच्या पेवांचं काय करायचं? जमिनीच्या पोटातली ती कोरडी कोठारं, वर्षानुवर्षं हळद राखणारी. मी लिहिलं, 'वी कीप टर्मरिक इन पिट.' सर म्हणाले, "असं वाचलं की खड्ड्यात टाकल्यासारखं वाटतं. आणि अजून ठेवता का?" 2005च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हापासून आम्ही ठेवत नाही. "मग 'यूज्ड टू' लिहा," सर म्हणाले. व्याकरणाचा तेवढा एकच धडा मला घोकावा लागला नाही.

शेवटच्या आठवड्यात धीर करून बिलबुक पुढं केलं. 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड', सरांनी सांगितलं. म्हणजे आपलं चूकभूल द्यावी घ्यावी! दिवाणजींना हे सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. छापखानेवाला गेला होता ना.

आता हुरूप आला होता. इंदूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडं आठ महिन्यांची बाकी अडकली होती. बाकीला इंग्रजीत 'आउटस्टँडिंग' म्हणतात हे ताजं ताजं शिकलो होतो. लगेच ईमेल ठोकला, छोटा आणि सभ्य, सर म्हणतात तसा : 'डियर सर, युवर अकाउंट इज आउटस्टँडिंग.'

तासाभरात उत्तर आलं. दिवाणजींनी चष्मा वर सरकवून एकेक अक्षर लावत वाचलं : 'थँक यू सो मच. युवर सर्व्हिस इज ऑल्सो व्हेरी गुड.'

मग खतावणी उघडून, पेनाचं टोपण काढून त्यांनी विचारलं, "मालक, हे जमेला धरायचं का नावे टाकायचं?"